वनीसच्या हातातला शिक्का

मित्रांनो, माझ्या तोंडावर जे काही कोरलेले आहे ते सगळे उलटे आहे. मला समोरून बघाल तर एक अक्षर धड वाचता येणार नाही. पण मला मऊ पिठावर दाबा, मग बघा मी कसा सरळ बोलू लागतो. मी एक जुना लाकडी शिक्का आहे. वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमध्ये, नाईलच्या काठी, संत मर्कुरियसच्या चर्चमध्ये मी राहतो.

चर्चच्या मागच्या अंगणात एक बुटकी खोली आहे. तिला सगळे बेथलेहेम, म्हणजे भाकरीचे घर म्हणतात, कारण तिथे मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, भाकर भाजली जाते. या भाकरीला आम्ही कुर्बान म्हणतो. ती गोल आणि फुगीर असते, वरून बदामी, आतून पांढरी. मैदा, पाणी आणि आंबवण, एवढेच तिच्यात पडते. मीठ पडत नाही. का पडत नाही याची कारणे आमचे धर्मगुरू सांगतात, ती मोठी आणि सुंदर आहेत, पण लाकडाच्या तुकड्याला किती समजणार? मला एवढेच ठाऊक आहे की मीठ घालायचे नाही म्हणजे नाही.

माझा जन्म नारिंगाच्या फांदीतून झाला. अंगणातले झाड वाळले, तेव्हा अख्नूख नावाच्या सुताराने त्याची एक जाड फांदी मागून घेतली. त्याने माझ्या मध्यभागी मोठा क्रूस कोरला, भोवती बारा प्रेषितांचे बारा लहान क्रूस, आणि कडेने इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन कोप्टिक अक्षरांत देवाची स्तुती. अख्नूखला ती अक्षरे वाचता येत नव्हती. जुन्या शिक्क्यावरून बघून बघून तो कोरत होता. अक्षराचे वळण हुकले की तो शिवी हासडायचा आणि लगेच छातीवर क्रूसाची खूण करायचा. एक अक्षर त्याच्या हातून थोडे वाकडे झालेच. ते अजून वाकडे आहे. इतकी वर्षे ते भाकरीवर वाकडेच उमटते, आणि अजून तरी स्वर्गातून कोणाची तक्रार आलेली नाही.

माझ्या हयातीत चर्चमध्ये कुर्बान भाजणारे बरेच झाले. एक घोरत घोरत पीठ मळायचा. एकाचा हात इतका जड होता की माझे क्रूस भाकरीच्या तळापर्यंत जायचे. मग वनीस आला. तेव्हा त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि मिशी धड फुटली नव्हती. आता तो म्हातारा झाला आहे. सगळे गाव त्याला अम्म वनीस म्हणते, म्हणजे वनीसकाका. मी त्याच्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून मी आपला त्याला अरे-तुरेच करतो.

मित्रांनो, आमच्या आठवड्याची चाल ठरलेली आहे. शनिवारी संध्याकाळी धुपाची प्रार्थना होते. शेतावरून आलेली माणसे पायांची माती धुऊन आत जातात, आणि धुपाचा वास माझ्या खोलीपर्यंत येतो. रविवारी मोठी मिस्सा. बुधवारी आणि शुक्रवारी लहान मिस्सा, त्या दिवशी माणसे कमी आणि खोकला जास्त. मिस्सा संपली की आमचे धर्मगुरू दाराशी उभे राहून प्रत्येकाच्या हातावर आशीर्वादाची भाकर ठेवतात. त्यांचे नाव सरबामून, पण सगळे त्यांना अबूना म्हणतात, म्हणजे आमचे पिता. शुक्रवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणारी पोरे तर अशी झुंबड करतात की अबूनांना एका हाताने दाढी सांभाळावी लागते. बायका भाकर रुमालात बांधून घरच्या आजाऱ्यासाठी नेतात. एक बाई तिचा तुकडा कोंबड्यांच्या खुराड्यात टांगून ठेवते. तिला विचाराल तर ती शपथेवर नाही म्हणेल.

येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या पवित्र आठवड्यात पहिले काही दिवस मिस्सा नसते. भट्टी गार पडते आणि मी फडक्यात गुंडाळून फळीवर पडून राहतो. लोक म्हणतात विश्रांती मिळाली. मला मात्र अजिबात करमत नाही.

वनीस पहाटे खोलीत आला की आधी हात धुतो, मग मला फडक्यातून काढून माझे चुंबन घेतो. पीठ मळताना तो मोठ्याने स्तोत्रे म्हणतो. त्याचा आवाज मुळीच गोड नाही, पण भट्टीला आणि मला त्याची सवय झाली आहे. गोळे तयार झाले की तो एकेका गोळ्यावर मला दाबतो आणि काडीने पाच छिद्रे पाडतो. येशूला ठोकलेल्या खिळ्यांची तीन, एक काट्यांच्या मुकुटाचे, एक भाल्याचे. भाजलेल्या भाकरी टोपलीत घालून अबूनांसमोर धरतात. अबूना एकेक भाकर उजेडात फिरवून बघतात आणि त्यातली एक निर्दोष भाकर वेदीसाठी निवडतात. ज्या दिवशी निवडलेल्या भाकरीवर माझा ठसा रेखीव असतो, त्या दिवशी मला थोडा गर्व होतो. तेवढा चालतो, असे मी मानतो.

पण यात एक गोम आहे. मिस्सेला जाणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. भाकर भाजणाऱ्यानेही नाही. त्यामुळे वनीसने भाजलेली भाकर वनीसला कधीच चाखता येत नाही. न चाखता जेवण वाढणारा आचारी तुम्ही कुठे पाहिला आहे का?

वनीसने यावर एक तोड काढली होती. तिचे नाव हाज खलफल्ला. हा दूधवाला. मक्केला जाऊन आल्यापासून सगळे त्याला हाज म्हणतात. रविवारी उजाडता उजाडता तो पहाटेची नमाज पढून, गाढवावर दुधाचे कॅन लादून आमच्या गल्लीतून जातो. बेथलेहेमच्या खोलीला गल्लीकडे एक लहानशी खिडकी आहे. पहिल्या खेपेत एखादी भाकर फुटते किंवा कलते, ती टोपलीत चालत नाही. वनीस ती खिडकीतून हाजच्या हातात द्यायचा. हाज तिथेच उभा राहून खायचा आणि निकाल द्यायचा.

"आज चिवट झालीय रे, वनीस."

"तुझे दात पडले, त्याला माझी भाकर काय करणार?"

"दात पडले, जीभ नाही पडली. पीठ नीट मळ, स्तोत्रं जरा कमी म्हण."

"तू दुधात पाणी जरा कमी घाल."

असे भांडून झाले की दोघेही खूश. पुढच्या खेपेचे पीठ वनीस खरोखरच जास्त मळायचा. हे त्यांचे किती वर्षे चालले होते, ते त्यांनाही सांगता यायचे नाही.

मित्रांनो, माझे लाकूड जुने झाले तसे वनीसचे डोके जुने होऊ लागले. एका रविवारी तो छिद्रे पाडायला विसरला आणि भाकरी भट्टीत टरारून फुगल्या. नशिबाने वेळ होता, दुसऱ्या भाजल्या. मग एका मंगळवारी त्याने पहाटे उठून सगळे कुर्बान भाजले आणि टोपली घेऊन चर्चच्या दाराशी उभा राहिला. मंगळवारी मिस्सा नसते. शाळेत जाताना मास्तर रऊफने त्याला तिथे पाहिले. रऊफ आमच्या चर्चचा सेवक, वेदीपाशी अबूनांना मदत करणारा, गावच्या शाळेत गणित शिकवणारा.

"अम्म वनीस, आज मंगळवार आहे."

"माहीत आहे मला," वनीस म्हणाला. "ऊन खात उभा आहे."

ऊन अजून भिंतीच्या पलीकडेच होते.

त्या आठवड्यात अबूना, रऊफ आणि चर्चची वडीलधारी माणसे अंगणात बसली. मी खोलीत फळीवर होतो आणि वनीस आत भट्टीची राख काढत होता. बाहेरचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू येत होता.

"मी वाईट म्हणून बोलत नाही," रऊफ म्हणाला. "लहानपणी त्यांच्याच हातची भाकर खाल्लीय मी. पण आता त्यांना विश्रांती द्यायला हवी. वेदीवरची गोष्ट आहे, अबूना."

अबूनांनी दाढी कुरवाळली. मग ते म्हणाले, "पुनरुत्थानाच्या सणापर्यंत बघू. त्याआधी आणखी एक चूक झाली, तर शिक्का दुसऱ्याच्या हातात द्यायचा."

राख काढणारा हात थांबला. वनीस तसाच उकिडवा बसून राहिला. थोड्या वेळाने त्याची बायको इन्साफ त्याचे जोडे घेऊन आली. तो घरून अनवाणीच निघाला होता.

"अबू मिलाद, पाय बघा काय झालेत ते," ती म्हणाली. त्यांच्या मुलाचे नाव मिलाद, म्हणून ती त्याला अबू मिलाद, म्हणजे मिलादचे वडील, म्हणते. मिलाद कुवेतला असतो.

वनीसने जोडे घातले नाहीत. तो म्हणाला, "शिक्का गेला, तर मी पहाटे उठून कुठं जाऊ गं?"

 इन्साफने खाली बसून त्याचे पाय पुसले आणि जोडे घातले. लाकडाला जर आसवे असती, तर त्या दिवशी मी रडलो असतो.

त्या वर्षी आमचा मोठा उपास आणि मुसलमानांचा रमजान एकाच वेळी आले होते. सगळे गावच उपाशी. आमच्याकडे मांस, दूध, अंडी बंद. हाज खिडकीशी येऊन कुरकुरायचा, "तुमच्या या उपासात माझं दूध कोण घेणार? गाढवाला पाजू?" तो भाकर घ्यायचा खरा, पण दिवसा खाणार कसा? ती पिशवीत टाकून न्यायचा आणि निकाल दुसऱ्या दिवशी कळवायचा.

मोठ्या उपासात शुक्रवारच्या मिस्सेनंतर लोक अंगणात एकत्र जेवतात. मसूर शिजतो, कांदा चिरला जातो. त्या शुक्रवारी आवराआवर करताना कोणीतरी बारीक मिठाची बरणी बेथलेहेमच्या फळीवर ठेवली. वनीसची वरून भुरभुरवायच्या पिठाची बरणी तिथेच असते. दोन्ही बरण्या जुळ्या बहिणींसारख्या.

रविवारी पहाटे वनीसने पीठ भिजवले. ते जरा सैल झाले, म्हणून फळीवरच्या बरणीतून एक मोठी मूठ घातली आणि मळू लागला. पीठ फुगले. गोळे झाले. त्याने माझे चुंबन घेतले आणि मला पहिल्या गोळ्यावर दाबले.

मित्रांनो, मी हादरलो. माझ्या प्रत्येक खाचेत मीठ चुरचुरले. इतक्या वर्षांत मला मिठाचा स्पर्श झाला नव्हता. "वनीस, थांब!" असे मला ओरडायचे होते. पण मी पडलो शिक्का. मला दाबले तर फक्त तेच बोलता येते, जे अख्नूखने माझ्यात कोरले आहे. वनीस एकेक गोळा पुढे घेत होता, मी एकेक गोळ्यावर देवाची स्तुती उमटवत होतो, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

पहिली खेप भाजून झाली. दुसरीसाठी पाटावर पीठ भुरभुरवायला वनीसने बरणीत हात घातला आणि तो हात आतच राहिला. त्याने चिमूट बाहेर काढून बोटांत चोळली. पीठ असे कुरकुरत नाही. त्याने दुसऱ्या बरणीचे झाकण उघडले. पीठ तिच्यात होते.

"मघाशी मी कुठून घेतलं?" तो स्वतःशीच म्हणाला. "यातून? की यातून?"

त्याने डोळे मिटले, कपाळावर मूठ मारली. आठवेना. त्याने भाकर नाकाशी नेली. मिठाला काय वास येणार? जिभेवर ठेवली असती तर क्षणात कळले असते. पण त्याचा उपास होता. आणि मी, ज्याला सगळे माहीत होते, तो त्याच्या समोर पाटावर पडून होतो.

तेवढ्यात गल्लीत कॅन वाजले.

"हाज!" वनीस खिडकीशी धावला. "ही घे. चाख."

"रमजान आहे, शहाण्या."

"अरे, मीठ पडलंय की नाही ते मला कळत नाहीये! नुसतं चाख."

हाजने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि थट्टा सोडली. "म्हणजे? तुलाच माहीत नाही?"

"नाही आठवत," वनीस म्हणाला. हे बोलताना त्याने मान खाली घातली होती.

हाज गाढवाला खुंटीला बांधून खिडकीशी आला. "बरं, एक करू. घरात बायका उपासाच्या दिवशी रस्सा कसा चाखतात? जिभेच्या टोकाला लावायचा आणि थुंकून टाकायचा. गिळलं नाही म्हणजे रोजा मोडत नाही. आण तो तुकडा."

वनीसने भाकर झटकन मागे घेतली. "कुर्बान थुंकणार? माझ्या देखत?"

"अजून तुझ्या अबूनांनी कुठं निवडलंय ते!"

"शिक्का बसलाय त्याच्यावर! खाल्लं तर चालतं, थुंकायचं नाही."

"मग काय कानाला लावून ऐकू? गिळू म्हणशील तर माझा रोजा जातो, थुंकू म्हणशील तर तुझा धर्म जातो. तू चाखशील तर तुझी मिस्सा जाते. मग गाढवाला विचार!"

दोन म्हातारे, एक गरम भाकर, आणि दोघांतल्या एकालाही ती खाता येईना. मी हसलो असतो, पण वनीस ती भाकर छातीशी धरून उभा होता.

मग हाजची नजर माझ्यावर पडली. "तो शिक्का दे इकडं. त्याच्या खाचांत पीठ अडकलंय ना? ते तू काढून काय करतोस?"

"काडीनं काढतो. भट्टीत टाकतो."

"ते तर कुर्बान नाही ना?"

वनीसने विचार केला. "ते नाही. ते नुसतं पीठ."

"मी माझ्या रुमालात थुंकीन. रुमाल तुझ्या भट्टीत. झालं समाधान?"

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा खिडकीबाहेर गेलो. आजवर लोकांनी माझे चुंबन घेतले होते. माझ्या मोठ्या क्रूसाच्या खाचेतले पीठ एका दूधवाल्याने जिभेच्या टोकाने टिपावे, हे नवीनच होते. हाजने तोंड वाकडे केले, रुमालात थुंकला, पुन्हा थुंकला.

"मीठ," तो म्हणाला. "वसंताच्या सणाला आपण खारवलेली मासळी खातो ना? ती गोड म्हणायची."

मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. मला जे सांगायचे होते ते अखेर कोणीतरी ऐकले. पण वनीस मात्र पिठाच्या पोत्यावर मटकन बसला.

"ऐक," हाज हळूच म्हणाला. "मी कोणाला बोलणार नाही. या भाकरी मी पिशवीत घालून नेतो. तू पटकन दुसरं पीठ भिजव."

"फुगायला वेळ लागतो. मिस्सेला उशीर होणार. अबूना विचारणारच."

"भट्टी बिघडली म्हण."

"भट्टी बिघडली नाही, हाज. मी बिघडलोय."

"अरे, सांगितलंस तर शिक्का काढून घेतील तुझ्याकडून!"

"मग घेऊ दे," वनीस म्हणाला. "खोटं बोलून याच हातानं वेदीसाठी भाकर करू?"

त्याने मला काडीने साफ केले, धुतले, पुसले, झग्याच्या खिशात घातले आणि तो चर्चमध्ये गेला. स्तवने सुरू झाली होती. त्याने अबूनांना बाजूला बोलावले आणि मला तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरले.

"अबूना, आज मीठ पडलं. मला आठवतसुद्धा नाही केव्हा पडलं ते. हा घ्या."

अबूनांनी माझ्याकडे पाहिले, वनीसकडे पाहिले. त्यांनी मला घेतले नाही. "आधी लोकांना भाकर हवी आहे," ते म्हणाले. "रऊफ! जा यांच्याबरोबर. मी स्तवनं लांबवतो."

रऊफ बाह्या सरसावत आला. खोलीत शिरताच त्याची नजर फळीवरच्या दोन बरण्यांवर गेली आणि तो जागीच खिळला.

"ही मिठाची इथं कोणी ठेवली?" त्याने विचारले. मग त्याचे त्यालाच उत्तर सापडले. त्याचा चेहरा पडला. "मीच ठेवली. शुक्रवारी. मसूर झाल्यावर."

"तू ठेवलीस, पण हात तर मीच घातला," वनीस म्हणाला. "पाणी कोमट कर."

दोघांनी मिळून पीठ मळले. वनीसने स्तोत्र सुरू केले, पण त्याचा आवाज फुटेना, म्हणून रऊफनेही सूर मिळवला. हाज खिडकीबाहेर बसून होता. त्याची गिऱ्हाइके दुधासाठी दारात ताटकळत असणार, पण तो हलला नाही. पीठ फुगले, पहिला गोळा झाला, माझा ठसा बसला, आणि वनीसने मला खिडकीतून बाहेर दिले.

हाजने जीभ लावली, डोळे मिटले, रुमालात थुंकला.

"फिकं," तो म्हणाला. "अगदी फिकं. दुसऱ्या कोणाच्या घरी असं वाढलं असतं तर मी ताट भिरकावलं असतं. भाज आता!"

चर्चमध्ये लोक चुळबुळत होते. पोरे बाकांवर आडवी झाली होती. म्हाताऱ्या बायका म्हणत होत्या की अबूना सणाची सगळी स्तवने आजच उरकून घेतायत की काय. अखेर टोपली आली. अबूनांनी एकेक भाकर उजेडात फिरवली आणि मधली एक निवडली. तिच्यावरचे ते एक अक्षर वाकडे होते, बाकी सगळे सरळ.

मिस्सा संपली तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. भाकर वाटण्याआधी अबूना दारात थांबून म्हणाले, "आज तुम्हाला उपाशी ताटकळावं लागलं. एका माणसानं चूक लपवली असती, तर तुम्ही वेळेवर घरी गेला असता. त्यानं ती सांगितली, म्हणून उशीर झाला. मला विचाराल तर हा उशीर मला रोज चालेल."

लोक पांगल्यावर अबूना, रऊफ आणि वडीलधारी माणसे पुन्हा अंगणात जमली. वनीस स्वतःहून समोर आला आणि त्याने मला बाकावर ठेवले.

"ठरलं होतं," तो म्हणाला. "आणखी एक चूक, की शिक्का द्यायचा."

"मग माझाही सेवकाचा झगा काढून घ्या," रऊफ म्हणाला. "बरणी माझी होती."  बोलायची सवय फळ्यासमोरची, इथे त्याने बाकाची कड धरली. "अबूना, मी रविवारी यांच्याबरोबर येईन. मोजमाप मी बघीन. पण शिक्का यांच्याच हातात राहू दे. मी चुकीचं बोललो होतो."

अबूना म्हणाले, "मोजमापाचं झालं. पण चाखणार कोण? तुम्ही दोघंही उपाशी."

 मग अबूना उठले आणि सरळ गल्लीत गेले. हाज दूध घालून परत येत होता. रस्त्यात धर्मगुरू आडवे आलेले पाहून त्याचे गाढवही थांबले.

"हाज, तुमच्याकडे एक काम आहे, दर रविवारी भाकर चाखायचं. पण रमजान आहे म्हणून विचारायला संकोच वाटतो."

"संकोच कसला?" हाज म्हणाला. "पहाटेची अजान व्हायच्या आत मी घरी सहरी खातोच ना, रोजा धरण्याआधी? ती इथं खिडकीशी खाईन. वनीसनं भट्टी जरा लवकर पेटवावी. अबूना, खरं सांगू? बायकोच्या हातच्या त्या बाकल्याच्या उसळीतून तेवढाच सुटेन."

अबूना खदखदून हसले. ते परत आले, बाकावरून मला उचलले आणि वनीसच्या मुठीत ठेवून ती मूठ दोन्ही हातांनी मिटली.  घरी जाईपर्यंत वनीसने ती मूठ उघडलीच नाही. मला शेवटी इन्साफने त्याच्या हातातून सोडवून चर्चमध्ये पोचते केले.

ती खारट भाकर वाया गेली नाही. अबूनांनीच ती टोमॅटोबरोबर खाल्ली आणि वर म्हणाले की मठात याहून वाईट मिळायचे.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. वनीसचे विसरणे वाढले आहे. कधी तो रऊफला मिलाद म्हणतो, आणि रऊफ ओ देतो. कधी मला हातात घेऊन तो बराच वेळ नुसता बघत राहतो. मग माझ्या कडेवरून त्याचा अंगठा फिरतो, आणि त्या अंगठ्याला सगळे आठवते.

गेल्या रविवारचे सांगतो. रऊफ लाकडे आणायला अंगणात गेला होता. वनीस गोळ्यांसमोर उभा राहून स्तोत्र म्हणत होता आणि मध्येच थांबला. पुढची ओळ येईना. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. मी त्याच्या हातात होतो. तो हात गार पडू लागलेला मला कळला. त्याने मला खाली ठेवायला सुरुवात केली.

तेव्हा खिडकीतून आवाज आला. हाज खलफल्ला तिथे उभा होता. तोंडात भाकर होती, त्यामुळे शब्द जरा घोगरे आले, पण ती त्या स्तोत्राची पुढचीच ओळ होती. एक शब्द इकडचा तिकडे नाही. इतकी वर्षे त्या खिडकीशी उभा राहून त्याने फक्त भाकरच खाल्ली नव्हती.

वनीसने वळून पाहिले नाही. त्याने ती ओळ घेतली, स्तोत्र पुढे नेले आणि मला पिठावर दाबले. ठसा अगदी स्वच्छ उमटला.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस विसरू लागले असेल, तर त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, आणि ते अडले तर त्याला पुढची ओळ सांगा.